कीपॅडचे डेडबोल्ट कुलूप बसवताना: आधी चौकट, मग कुलूप

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी लातूर शहर निम्मे रिकामे होते. घरातील काही जण भज्जी आणि अंबिलाची भांडी घेऊन पहाटेच शेताकडे निघतात, काही जण कामावरून सुटून दुपारी जातात आणि कोणी तरी सर्वांच्या आधी परत येतो. किल्ली मात्र एकच असते. ती मग मीटरच्या पेटीवर किंवा तुळशीच्या कुंडीखाली ठेवली जाते आणि कुठे ठेवली आहे हे घरातल्या एकदोघांना सोडून साऱ्या गल्लीला माहीत असते. माझ्या घरी वरच्या मजल्यावर शिकवणीसाठी आलेले चार विद्यार्थी राहत असल्याने हा प्रश्न वर्षातून एकदा नव्हे, तर दर महिन्याला उभा राहू लागला. म्हणून खालच्या मुख्य दारावर आणि वरच्या खोलीच्या दारावर मी आकड्यांचे कीपॅड असलेली दोन डेडबोल्ट कुलपे बसवली. पहिले सुताराकडून बसवून घेतले आणि दुसरे स्वतः बसवले. या दोन कुलपांनी जे शिकवले ते येथे क्रमाने देत आहे. कोड कसा टाकायचा यापेक्षा लाकूड, चौकट आणि बिजागऱ्या यांवर या लेखात अधिक शब्द खर्च झाले आहेत, कारण मला झालेला त्रास जवळजवळ सगळा तिथूनच आला.

साध्या लॅचची जीभ तिरकी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते, त्यामुळे दार ओढताच ती आपोआप बसते. पण पातळ पत्रा सारून तिला मागेही ढकलता येते. डेडबोल्टचा बोल्ट चौकोनी कडांचा, घट्ट आणि बिनस्प्रिंगचा असतो. तो साधारण २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच बाहेर येऊन चौकटीत शिरतो आणि किल्ली, आतली फिरकी किंवा मोटर यांपैकी कशाने तरी फिरवल्याशिवाय मागे जात नाही. कीपॅडच्या कुलपात बाहेर आकडे असतात आणि आतल्या पेटीत मोटर व बॅटरी असतात. कोड बरोबर आला की मोटर एक पातळ पट्टी फिरवते व ती पट्टी बोल्ट ओढते. बहुतेक कुलपांमध्ये ही मोटर चार पेन्सिल सेलवर चालते. दार चौकटीत अडकले असेल, तर आपण खांदा लावून किंवा कडी धरून दार ओढतो आणि किल्ली फिरवतो. मोटरला खांदा नसतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते.

हे कुलूप कोणत्या दाराला बसते

एका झडपेचे, सागवानाचे किंवा भरीव गाभ्याचे फ्लश दार आणि लाकडी चौकट असेल तर काम सरळ आहे. बाजारातील बहुतेक डेडबोल्ट सुमारे ३५ ते ४५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे फ्लश दारे ३० किंवा ३२ मिलिमीटरचीही सर्रास लावली जातात, म्हणून खोक्यावरील जाडीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या वाड्याच्या किंवा गावाकडच्या घराच्या दोन झडपांच्या दारालाही हे कुलूप बसवता येते. मात्र त्यासाठी एक झडप वर आणि खाली टॉवर बोल्टने कायमची घट्ट करावी लागते, कारण ती हलत राहिली तर बोल्ट हलत्या आधारात शिरतो आणि कुलपाला अर्थ राहत नाही. लोखंडी पत्र्याचे दार, अँगलची चौकट किंवा सिमेंटची ओतीव चौकट असेल, तर डेडबोल्टचा हट्ट सोडावा आणि दाराच्या आतल्या पृष्ठभागावर बसणारे इलेक्ट्रॉनिक रिम लॉक पाहावे. फ्लॅटमध्ये लाकडी दाराच्या पुढे जाळीचे सेफ्टी दार असते. दोन्ही दारे बंद असताना त्यांच्यात किती अंतर उरते हे मोजून घ्यावे, नाहीतर बाहेर आलेले कीपॅड जाळीच्या दाराच्या कडीला आपटते आणि हे नेमके सगळे बसवून झाल्यावर लक्षात येते.

चौकट ओळंब्यात आहे का

मराठवाड्यातील बरीचशी घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतीबरोबर चौकटही वर्षातून दोनदा किंचित हलते. शिवाय लाकूड स्वतःही दमट हवेत फुगते आणि वैशाखात सुकते. म्हणून ड्रिल हातात घेण्यापूर्वी चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना ओळंबा लावावा आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत गुण्या धरून पाहावा. त्यानंतर दार बंद करून झडप व चौकट यांच्यातील फट वर, मध्ये आणि खाली मोजावी. सुताराच्या भाषेत ती सर्वत्र एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर असावी. वर अर्धे सूत आणि खाली दोन सूत असा प्रकार दिसला, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार लोंबलेले असते. त्या छिद्रांत फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भराव्यात, एक रात्र वाळू द्यावे आणि अधिक लांबीचे स्क्रू पुन्हा पिळावेत. इतक्याने पुष्कळदा दार जागेवर येते.

माझ्या पहिल्या कुलपाच्या वेळी हे काहीच पाहिले नव्हते. काम मे महिन्यात झाले, दार सुकून इतके मोकळे झाले होते की ते एका बोटाने लागत असे. सप्टेंबरच्या झडीत दार फुगले, बोल्ट चौकटीतील छिद्रावर लावलेल्या धातूच्या पट्टीच्या कडेला घासू लागला आणि मोटर दर वेळी कण्हल्यासारखा आवाज करून दोनदा प्रयत्न करू लागली. एका रात्री दहाच्या सुमारास बोल्ट अर्ध्यावर थांबला, कीपॅडवर लाल दिवा चमकू लागला आणि पाठीवर दप्तरे घेतलेली चार मुले पायऱ्यांवर बसून राहिली. दार बाहेरून आपल्याकडे ओढून धरल्यावर कोडने ते उघडले. कित्येक महिने चालायला हवेत असे सेल दीड महिन्यात संपले होते. मी विक्रेत्याशी वाद घालून आलो आणि नंतर सुताराने कानस घेऊन पट्टीचे छिद्र जेमतेम अर्धे सूत वाढवले. त्यानंतर त्या कुलपाने तक्रार केलेली नाही.

यावरून कुलूप कधी बसवावे याचेही उत्तर मिळते. उन्हाळ्यात बसवत असाल तर चौकटीतील छिद्र थोडे सैल ठेवावे, पावसाळ्यात बसवत असाल तर दार रंध्याने तासण्याची घाई करू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी होते तेव्हा लाकूड मध्यम स्थितीत असते आणि तो काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो.

खरेदी करताना

खोक्यावर दोन मापे शोधावीत. पहिले बॅकसेट, म्हणजे दाराच्या कडेपासून मोठ्या छिद्राच्या केंद्रापर्यंतचे अंतर. ते ६० किंवा ७० मिलिमीटर असते आणि अनेक बोल्ट दोन्हींपैकी कोणत्याही मापावर लावता येतात. दुसरे मोठ्या छिद्राचा व्यास, जो बहुतेक डेडबोल्टसाठी ५४ मिलिमीटर असतो. आपल्याकडील मुख्य दारावर लांब पट्टीचे मॉर्टिस हँडल आधीच असते, म्हणून त्या पट्टीच्या वर आतली पेटी बसण्याइतकी जागा उरते की नाही हे कागदाचा तुकडा कापून दारावर धरून पाहावे.

बाहेरून किल्लीने उघडण्याची सोय असलेले कुलूप घ्यावे आणि बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय आहे का तेही पाहावे. काही कुलपांत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवण्यासाठी खाली दोन टोके असतात, काहींत मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी पिन चालते. आतल्या बाजूने किल्ली लागणारे कुलूप राहत्या घरात लावू नये. आग लागल्यास घरातल्यांना आतली फिरकी हाताने फिरवून क्षणात बाहेर पडता आले पाहिजे. परभणी, नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावरची काळी काच त्याहून किती तरी अधिक तापते. त्यामुळे माहितीपत्रकात कमाल तापमान किती दिले आहे हे वाचावे आणि दारावर छज्जा नसेल तर आधी छोटा पत्रा लावून सावली करावी. बोटाच्या ठशाचे कुलूप घ्यावे का, असे अनेक जण विचारतात. ज्यांनी आयुष्यभर शेतात किंवा बांधकामावर काम केले आहे अशा माणसांचा अंगठा रेशन दुकानातल्या यंत्रावरही पटकन उमटत नाही, त्यांना स्वतःच्याच दारासमोर बोटे पुसत उभे करू नये. ठसा असला तरी आकड्यांचे कीपॅड सोबत हवेच.

छिद्रे पाडणे

साहित्य फार नाही: टेप, गुण्या, टोकदार दाभण, ड्रिल मशीन, ५४ मिलिमीटरचा होल सॉ (मोठे गोल छिद्र पाडणारी करवत), २५ मिलिमीटरचे फ्लॅट बिट, धारदार पटाशी, हातोडी, कानस आणि हाताने फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर. होल सॉ विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडून एक दिवसासाठी मागून आणणे स्वस्त पडते. दार उघडे ठेवून खाली दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारावी. उन्हाळ्यातील वावटळीने दार एकदम आपटले तर फिरत्या होल सॉचे काय होईल, याचा विचार न केलेलाच बरा.

कुलपासोबत आलेला कागदी साचा जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर, हँडल असेल तर त्याच्या वर चिकटवावा. साच्यावरील केंद्रे दाभणाने दाबून घ्यावीत. सनमायका किंवा व्हिनियर असेल तर तिथे दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, म्हणजे कडा उडत नाहीत. आता होल सॉ दाराला काटकोनात धरून एका बाजूने चालवावा आणि मधल्या बिटचे टोक पलीकडे दिसताच थांबावे. उरलेले छिद्र पलीकडच्या बाजूने, त्याच टोकाच्या खुणेवरून पाडावे. एकाच बाजूने आरपार गेल्यास दुसऱ्या बाजूची कड फाटते आणि ती कुलपाच्या चकतीखाली पूर्ण झाकली जात नाही. मशीनवर जोर टाकू नये. लाकूड जळल्याचा वास आला तर थांबून होल सॉमधील भुसा काढावा.

दाराच्या कडेवर जाडीच्या बरोबर मध्यभागी खूण करून २५ मिलिमीटरच्या बिटने मोठ्या छिद्राला मिळेपर्यंत आडवे छिद्र पाडावे. इथे हात जरासा तिरका झाला तर बोल्ट कायमचा तिरका बसतो. म्हणून एका माणसाने बाजूला उभे राहून बिट दाराला समांतर आहे की नाही हे पाहात राहावे. बोल्ट आत सरकवून त्याच्या पुढच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ ओढावी आणि तेवढा भाग पटाशीने सुमारे एक सूत खोल कोरावा, म्हणजे पट्टी कडेच्या पातळीत बसते. पट्टी वर राहिली तर दार लागताना चौकटीला घासते. जास्त खोल गेली तर खाली पातळ पुठ्ठा घालून ती वर घेता येते.

चौकटीतील पट्टी: सर्वांत नाजूक काम

बोल्ट चौकटीवर नेमका कुठे टेकतो हे मोजून काढण्यापेक्षा ठसा घेऊन पाहणे अधिक खात्रीचे. देव्हाऱ्यातले चिमूटभर कुंकू दोन थेंब खोबरेल तेलात कालवून बोल्टच्या टोकाला लावावे, दार पूर्ण बंद करावे आणि आतून बोल्ट हाताने पुढे दाबावा. चौकटीवर लाल ठिपका उमटतो, तोच छिद्राचा मध्य. छिद्र बोल्टच्या लांबीपेक्षा थोडे अधिक, म्हणजे २८ ते ३० मिलिमीटर खोल असावे आणि तळाचा भुसा फुंकून काढलेला असावा. छिद्र उथळ राहिले तर बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही, मोटर तो अडकला आहे असे समजते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करून सेल संपवते.

परदेशी चित्रफितींत या पट्टीला तीन इंची स्क्रू लावायला सांगतात. तिकडच्या घरांत चौकटीमागे लाकडी खांब असतो, तो स्क्रू त्यात जाऊन घट्ट बसतो. आपल्याकडे चौकटीमागे विटा आणि सिमेंटचा माल असतो. चौकटीचे लाकूड अडीच इंच जाड असेल तर दोन इंची स्क्रू पुरतात. त्याहून लांब स्क्रू मालाला टेकून वाकतो, नाहीतर त्याचे डोके झिजते. स्क्रूपेक्षा बारीक बिटने आधी वाट पाडली तर जुने सागवान चिरत नाही.

जोडणी

बाहेरच्या कीपॅडमागे लवचिक वायर असते. ती बोल्टच्या खालून आत न्यावी आणि बोल्टच्या हलत्या भागात किंवा पेटीच्या कडेखाली चेपणार नाही, याची खात्री करावी. फिरणारी पट्टी उभी ठेवायची की आडवी, हे माहितीपत्रकात दिलेले असते. जोडणीच्या वेळी बोल्ट कोणत्या स्थितीत असावा हेही त्यातच असते आणि ते अक्षरशः पाळावे. आतली धारक पट्टी लावताना ड्रिल मशीनने स्क्रू आवळू नयेत. हाताने, एकदा उजवा एकदा डावा, असे थोडेथोडे आवळावेत. अधिक आवळल्यास दाराची दोन्ही अंगे दाबली जाऊन बोल्ट जड होतो.

आतली पेटी पक्की करण्यापूर्वी तिच्या मागच्या बाजूचा स्टिकर पाहावा. अनेक कुलपांचा मूळ मुख्य कोड तिथे छापलेला असतो आणि पेटी बसली की तो दाराकडे वळून दिसेनासा होतो. मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

सेल घालण्यापूर्वीची परीक्षा मी कधीही टाळत नाही. दार उघडे असताना फिरकी दोन बोटांनी फिरवावी. मग दार बंद करून, ते न ढकलता आणि न ओढता, तीच फिरकी पुन्हा दोन बोटांनी फिरवावी. दोन्ही वेळा सारखाच हलकेपणा जाणवला पाहिजे. बंद दारात जरासाही अडथळा आला तर पट्टीच्या छिद्राची कड कानसेने घासावी आणि पुन्हा पाहावे. माझ्या दुसऱ्या दारावर हे चार वेळा करावे लागले आणि सगळी दुपार गेली.

सेल आणि कोड

अल्कलाइन सेल वापरावेत, चारही एकाच वेळी नवे घालावेत. स्वस्त झिंक-कार्बन सेल मोटरच्या ओढीला टिकत नाहीत. रिचार्जेबल सेलचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे कुलपाचा ‘बॅटरी कमी’ हा अंदाज चुकतो. सेल घातल्यावर बहुतेक कुलपे बोल्ट एकदा बाहेर काढून आत घेतात आणि दार डाव्या हाताचे की उजव्या हाताचे, म्हणजे बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत, हे स्वतः ओळखतात. हे दार उघडे असतानाच होऊ द्यावे. पहिल्या वीस-पंचवीस चाचण्याही दार उघडे ठेवूनच कराव्यात, आणि त्या होईपर्यंत किल्ली खिशात असावी, घरात नव्हे.

लोडशेडिंगचा या कुलपावर परिणाम होत नाही. वाय-फाय जोडलेले असेल तर तेवढे बंद पडते, पण कीपॅड चालूच राहते. वाय-फायने सेल लवकर संपतात, म्हणून गरज नसेल तर मी ते जोडू नये असेच सांगेन.

पहिले काम मूळ मुख्य कोड बदलण्याचे. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा कोड द्यावा, म्हणजे एखादा विद्यार्थी खोली सोडून गेल्यावर त्याचा एकट्याचा कोड पुसता येतो. चार आकड्यांचे १०,००० कोड होतात, सहा आकड्यांचे १० लाख. पण माणसे निवडतात ते ठरावीकच: गाडीचा क्रमांक, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, जन्मवर्ष. आपल्या भागात १७०९ आणि १९४८ हेही त्याच पंक्तीतले. मुक्तिसंग्राम दिनाची तारीख आणि वर्ष मराठवाड्यातील शाळकरी मुलालाही पाठ असते, त्यामुळे ते कुलपासाठी निरुपयोगी आहेत.

आणखी एक गोष्ट मला धुळीने दाखवली. एप्रिलमध्ये वरच्या खोलीच्या कीपॅडवर धुळीचा पातळ थर बसला होता आणि त्यात फक्त चार बटणे स्वच्छ, चकचकीत होती. मुलांनी वेगवेगळे कोड सोडून सर्वांनी एकच कोड वापरायला सुरुवात केली होती. चार वेगळे आकडे कळले की चार आकड्यांच्या कोडसाठी उरतात फक्त २४ शक्यता. म्हणून कीपॅड दर आठवड्याला कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि काही महिन्यांनी कोड बदलावा. चुकीचा कोड चार-पाच वेळा दाबल्यावर काही काळ बंद होण्याची सोय कुलपात असेल तर ती चालू ठेवावी.

कुलूप आपोआप लागण्याची सोय पहिला महिनाभर बंद ठेवावी. सकाळी सडा-रांगोळीसाठी बाहेर आलेल्या माणसाला कोड आठवतोच असे नाही. शिवाय दार उघडे आहे की बंद हे ओळखणारा सेन्सर नसेल, तर दार उघडे असतानाच बोल्ट बाहेर येतो आणि वाऱ्याने दार लागले की तो चौकटीवर आदळतो. घरातील वडीलधाऱ्यांकडून कोड आणि किल्ली दोन्हींनी दार उघडण्याचा सराव दोन-तीन दिवस करून घ्यावा. आईने सहा आकड्यांऐवजी बटणांवरून बोट फिरवण्याची दिशा लक्षात ठेवली आणि ती आता माझ्याआधी दार उघडते.

नंतरची देखभाल

फिरकीची दोन बोटांची परीक्षा वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि होळीनंतर, पुन्हा करावी. किल्लीच्या छिद्रात खोबरेल तेल घालू नये, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड चालते. ऊसतोडीला किंवा नोकरीसाठी बाहेर गेल्यामुळे घर पाच-सहा महिने बंद राहणार असेल, तर सेल काढून ठेवावेत, कारण उन्हाळ्यात जुने सेल पाझरून पेटीचे पितळी संपर्क खातात. अशा वेळी घर फक्त किल्लीवर बंद होते, म्हणून जाण्यापूर्वी किल्लीने दार बाहेरून लावून आणि उघडून पाहावे व किल्लीच्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. गावाकडे कुंभारमाशी अशा बिळात मातीचे घर बांधते आणि ती वाळलेली माती काढायला दाभण व अर्धा तास लागतो. दुसरी किल्ली दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे नव्हे, तर चालत जाता येईल अशा घरी ठेवावी, आणि ९ व्होल्टची बॅटरी लागणारे कुलूप असेल तर एक बॅटरीही तिथेच, तारखेची चिठ्ठी चिकटवून.